आमची वाटचाल : कपाटातली चित्रे

मानसिक आजारांवर कला-उपचार देणारे आमचे केंद्र आजही लहानच आहे. ते लहान का राहिले, याची चर्चा आमच्या पाठीमागे पुष्कळ झाली असल्याने आमची बाजू येथे नोंदवीत आहे.

आरंभापासून आमच्याबरोबर असलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंची अट एकच होती : औषधयोजना त्या ठरवतील, साहित्य आम्ही ठरवू. साहित्याची निवड हा आमच्या कामाचा गाभा आहे. जलरंग आणि बोटांनी लावायचे रंग भावना मोकळ्या करतात, पण उन्मादाच्या भरात असलेल्या रुग्णाला ते आणखी सैल सोडतात, म्हणून त्याच्यासमोर टोकदार पेन्सिल, लहान कागद आणि आधीच आखलेली चौकट ठेवावी लागते. नैराश्याने हात उचलेनासा झालेल्या माणसाला कोरा कागद भीतीदायक वाटतो, पण हातात दिलेला मातीचा गोळा तो नकळत दाबू लागतो. काळा रंग वापरला म्हणजे दुःख आणि पिवळा वापरला म्हणजे आनंद, असे सांगणाऱ्याकडे कृपया कोणाला पाठवू नये.

नेमके असे सांगणारी एक संस्था पुढे आमच्या वाटेत आली. दोन दिवसांच्या शिबिरात नैराश्य घालवण्याची हमी ती देत असे आणि रुग्णांची चित्रे चौकटीत बसवून दर्शनी भिंतीवर लावत असे. आमच्याकडची चित्रे कुलूपबंद कपाटात राहतात, कारण ती प्रदर्शनासाठी काढलेली नसतात. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय ‘आर्ट थेरपिस्ट’ म्हणवून घेणे हा गुन्हा आहे. तसा नियम आम्हाला लागू असता तर पुढचा प्रसंगच आला नसता.

ज्या रुग्णालयाकडून आमचे बहुतेक रुग्ण येत, त्याने करार थांबवला आणि कारण म्हणून २०१२ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील चाचणी पुढे केली. स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ जणांच्या त्या चाचणीत गटात दिलेल्या कला-उपचाराचा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही, हे आम्ही कधी नाकारले नाही. मात्र त्या गटांतील उपस्थिती तुरळक होती, हेही त्याच अहवालात आहे, आणि आघातानंतरचा ताण किंवा नैराश्य यांविषयी ती चाचणी काहीच सांगत नाही. हे सारे लेखी कळवले, तरी उत्तर आले नाही. पुरावा अपुरा म्हणून आम्हाला बाहेर काढल्यावर रुग्णालयातली आमचीच खोली त्या शिबिरवाल्यांना देण्यात आली, ज्यांनी पुरावा हा शब्दही कधी उच्चारला नव्हता.

पगार थकले आणि सहकारी गेले. बाईंनी मात्र आपल्या दवाखान्याची मागची खोली उघडून दिली आणि प्रत्येक रुग्णाच्या कागदांवर आमची टिपणे स्वतःच्या नोंदींशेजारी लावणे चालू ठेवले. त्यानंतरची वर्षे नीट गेली, त्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांनी एवढे पाळावे : ‘हे काय काढले आहे?’ असे विचारू नये, ‘याबद्दल काही सांगावेसे वाटते का?’ असे विचारावे. औषधे बंद केल्याचे कळताच काम थांबवून डॉक्टरांना कळवावे. रुग्णाला स्वतःचे चित्र फाडायचे असेल तर फाडू द्यावे.

ती संस्था नाव बदलून अजून शिबिरे घेते. तिच्या माहितीपत्रकावरच्या छायाचित्रात दिसणारे लांब टेबल आमचे आहे, आणि ते परत मिळावे म्हणून लिहिलेल्या पत्रांची पोच आमच्याकडे आहे.