आजोबांच्या ट्रंकेतली तिकिटं: किती येतील?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो: "घर आवरताना जुनी टपाल तिकिटं सापडली. विकायची झाली तर किती येतील?" तिकिटं आणि पाकिटं जमवायची, जास्तीची विकून त्यातून नवी घ्यायची, हा माझा जुना छंद. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतोच. आकडा सांगण्याआधी माझी एक विनंती असते. तिकिटं अजून पाकिटांवर असतील तर तशीच राहू द्या. कात्री नको, पाण्याचं भांडंही नको.

शाळेत असताना आपण सगळ्यांनीच पाकिटाचे कोपरे कापून पाण्यात भिजवले, सुटलेली तिकिटं वर्तमानपत्रावर वाळवली. एकेक तिकीट जमवण्यापुरतं ते ठीकच. पण सुटं तिकीट फक्त आपला चेहरा दाखवतं. ते कुठून निघालं, कधी, कोणाकडे गेलं, किती दर लागला, हे पाकीटच सांगतं.

माझ्या आवडीचं उदाहरण १९७१चं. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर ५ पैशांचा जादा आकार लावला. त्यासाठी कुटुंब नियोजनाच्या ५ पैशांच्या लालसर तिकिटावर 'शरणार्थी सहायता' आणि तेच इंग्रजीत असं छापलं गेलं. पण ही तिकिटं वेळेत सगळीकडे पोचली नाहीत. मग ठिकठिकाणी साध्या ५ पैशांच्या तिकिटावर रबरी शिक्के मारून काम भागवलं गेलं. कुठे अक्षरं जाड, कुठे बारीक, कुठे शाई जांभळी, कुठे काळी. १ डिसेंबरला निर्वासितांचं चित्र असलेलं वेगळं तिकीट आलं.

आता असं रबरी शिक्क्याचं तिकीट सुटं माझ्या हातात दिलंत, तर मी काय सांगणार? रबरी शिक्का कोणीही बनवून घेऊ शकतो, आणि बनवलेतही. तेच तिकीट पाकिटावर असेल, वर गावाचा तारखेचा शिक्का असेल, त्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग उतरली असेल, मागे पोचल्याचा शिक्का असेल, तर पाकीट स्वतःच साक्ष देतं. भिजवलं की ती साक्ष पाण्यात गेली. पुन्हा मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतरचं पहिलं तिकीटही तसंच. २१ नोव्हेंबर १९४७चं, तिरंगा आणि 'जय हिंद' असलेलं, साडेतीन आण्यांचं. ते परदेशी टपालासाठी होतं. म्हणून त्या काळात ते लावून खरोखर परदेशी गेलेलं पाकीट मला सुट्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त मोलाचं वाटतं.

आता पैशांचं. जुनं म्हणजे महाग, असं नसतं. १८५४चं राणी व्हिक्टोरियाचं अर्ध्या आण्याचं निळं तिकीट इतकं छापलं गेलं, की वापरलेलं साधं तिकीट आजही सामान्य संग्राहकाला परवडतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातली बहुतेक स्मारक तिकिटं, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेली, लाखांनी छापलेली. ती ढिगाने मिळतात आणि त्यांचे फारसे पैसे येत नाहीत. याउलट १५ ऑगस्ट १९४८चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट खरंच मोलाचं, पण त्याच्या नकला भरपूर. तज्ज्ञाचा दाखला असल्याशिवाय मी ते घेतही नाही आणि विकतही नाही. कॅटलॉगमधली, म्हणजे तिकिटांच्या छापील सूचीतली, किंमत पाहून हरखूनही जाऊ नका. ती निर्दोष मालाची असते आणि प्रत्यक्ष सौदा बहुधा तिच्या बराच खाली होतो.

माल खराब होतो तो मात्र आपल्याच प्रेमापोटी. जपून राहावं म्हणून लोक पाकीट लॅमिनेट करतात, फाटलं म्हणून सेलोटेप लावतात. दोन्हींनी ते संपतं. टेपचा पिवळा डाग कागदात मुरतो, तो जात नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तिकिटांवर तपकिरी ठिपके पडतात, म्हणून पाकिटं कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. हात लावायचा तर चपट्या तोंडाच्या चिमट्यानेच.

आत पत्र असेल तर विकण्याआधी ते घरच्यांनी वाचावं. आजीने लिहिलेलं पत्र असेल तर मी पाकीटही घेत नाही. ते दोन्ही घरातच राहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

विकायचंच ठरलं, तर एकाच व्यापाऱ्याला सगळी ट्रंक देऊ नका. महापेक्ससारख्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात दोन-तीन स्टॉलवर दाखवा, गावातल्या संग्राहकांच्या मंडळात विचारा. मला फोटो पाठवणार असाल तर प्रत्येक पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे पाठवा. पोचल्याचा शिक्का बहुधा मागच्या बाजूला असतो, आणि मी आधी तोच बघतो.