डेस्कटॉपवरचा सीआरसी मायक्रोकंट्रोलरवर नेताना

सीआरसी म्हणजे डेटा वाटेत बिघडला का ते ओळखायला त्यावरूनच काढलेला तपासणी-आकडा. कोडला हात लावण्याआधी खात्रीचं एक उत्तर हाताशी ठेवा. झिप आणि इथरनेटवाल्या सीआरसी-३२ मध्ये "१२३४५६७८९" या आस्की अंकांचं उत्तर हेक्समध्ये सीबीएफ४३९२६ येतं. मॉडबस या औद्योगिक संवाद-प्रोटोकॉलच्या सीआरसी-१६ चं येतं ४बी३७. हे जुळेपर्यंत खऱ्या डेटाकडे वळू नका.

उत्तर चुकलं तर आधी इंट या पूर्णांक प्रकाराची रुंदी बघा. एव्हीआर या ८ बिटी मायक्रोकंट्रोलरवर इंट १६ बिटांचा असतो. टेबल (प्रत्येक बाइटसाठी आधीच काढून ठेवलेली उत्तरं) तयार करताना "बाइट << २४" लिहिलं असेल, तर डेस्कटॉपवर ते चालून जातं. इथे बाइटचा इंट होतो आणि वरचे बिट हरवतात. कंपायलर वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग वाचतो कोण! शिफ्ट करण्याआधी यूइंट३२_टी या नेमक्या ३२ बिटांच्या प्रकारात कास्ट करा. 'अनसाइन्ड लाँग'वरही विसंबू नका: ६४ बिटी लिनक्सवर तो ६४ बिटांचा, एव्हीआरवर ३२ चा.

मग टेबल. २५६ नोंदी गुणिले ४, म्हणजे १०२४ बाइट. अ‍ॅटमेगा३२८पी या एव्हीआर चिपमध्ये रॅम २ केबी. नुसतं कॉन्स्ट लिहिलं तर एव्हीआर जीसीसी टेबल रॅममध्येच उतरवतो आणि निम्मी रॅम संपते. टेबल फ्लॅशमध्ये ठेवणारं प्रोगमेम लावा, पण वाचताना फ्लॅशमधून वाचणारं पीजीएम_रीड_डीवर्ड विसरलात तर फ्लॅशऐवजी रॅमचा त्याच पत्त्यावरचा कचरा हाती येतो. कॉर्टेक्स-एम या ३२ बिटी एआरएम चिपांवर कॉन्स्ट पुरतं. माझं मत विचाराल तर सुरुवात १६ नोंदींच्या टेबलाने करा: ६४ बाइट, दर बाइटला दोन लुकअप. बहुतेक कामांना एवढा वेग भरपूर होतो. एका फेरीत ८ बाइट उरकणाऱ्या स्लाइसिंग-बाय-८ ची ८ केबींची टेबलं इथे आणूच नका. शिवाय तो कोड बफरमधून थेट ३२ बिटी शब्द उचलतो. कॉर्टेक्स-एम० वर पत्ता ४ ने भागला जात नसेल तर सरळ हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच कोसळतो.

एसटीएम३२एफ४ या कॉर्टेक्स-एम चिपमधलं सीआरसी हार्डवेअर मोहात पाडतं. पॉलिनॉमियल, म्हणजे सीआरसीचा भाजक, झिपवालाच: ०४सी११डीबी७. पण बिटांचा क्रम उलटवणं नाही, शेवटचा एक्सऑर नाही आणि इनपुट फक्त ३२ बिटी शब्दांत. झिपशी जुळवायचं तर प्रत्येक शब्द आरबिट या बिटक्रम उलटवणाऱ्या सूचनेने उलटा करून द्यायचा, निकालही उलटा करून त्याचे सगळे बिट पालटायचे (० चे १, १ चे ०). उरलेले एक ते तीन बाइट सॉफ्टवेअरने.

अजून एक गोष्ट डेस्कटॉपवर सहसा दिसत नाही. तिथे अख्खी फाइल एका कॉलमध्ये जाते, इथे यूआर्ट या सीरियल पोर्टवरून तुकडे येतात. सुरुवातीची किंमत आणि शेवटचा एक्सऑर एकाच फंक्शनमध्ये कोंबले असतील, तर प्रत्येक तुकड्याला हिशेब नव्याने सुरू होतो. इनिट, अपडेट, फायनल अशी तीन फंक्शनं करा आणि तोच डेटा एकदा सलग, एकदा एकेक बाइट देऊन पाहा. दोन्ही निकाल एकच यायला हवेत.