आमची वाटचाल : मागाच्या फणीपासून हॅलोविनच्या हडळीपर्यंत

आमचं काम मूळचं गणपतीच्या हलत्या देखाव्यांचं. सोलापुरात घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं मी, बायको आणि आमचे आप्पा, एवढीच फर्म. आप्पांचा जन्म यंत्रमागावर जॉबरकी, म्हणजे माग जुळवण्याचं-दुरुस्तीचं काम, करण्यात गेला, मी आयटीआय करून मोटरा आणि वायरिंग शिकलो. पण अनंत चतुर्दशी झाली की काम बंद, ते पार संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, आणि हे तीन-साडेतीन महिने काढणं फार जड जायचं.

2023 च्या ऑक्टोबरात पुण्याहून भाचीचा फोन आला, मामा, 31 तारखेला आमच्या सोसायटीत हॅलोविन आहे, अंगावर येणारी एक हडळ करून दे ना. मी हो म्हणालो कारण शेड रिकामीच होती.

सांगाडा पीव्हीसी पाइपचा, कमरेत बिजागरी. तोंड कागदाच्या लगद्याचं, लगद्यात मेथीची पूड घातली म्हणजे कीड धरत नाही. केसांसाठी बायकोनं टॉवेलच्या कारखान्यातला सुताचा वेस्ट आणला, काळ्या रंगात बुडवून दोरीवर वाळत घातला आणि वाळल्यावर त्याच्या अशा जटा झाल्या की विकतचा विग त्यापुढं काहीच नाही. मोटर भंगारातली, वायपरची. 12 व्होल्टवर कमी स्पीडला मिनिटाला 45 च्या आसपास फेरे घेते, मी 6 व्होल्ट दिले, निम्म्यावर आली. आधी 2 अँपिअरचा अडॅप्टर लावला होता, त्यावर नुसती हिसका देऊन थांबायची, शेवटी 10 अँपिअरची सप्लाय घेतली.

मोटरीवर फिरणारा आखूड हात, म्हणजे क्रँक, एका दांडीनं हडळीला जोडला. हडळ हलली, पण झोपाळ्यासारखी. पुढं, मागं, पुढं, मागं, सारख्याच चालीनं, भीती कसली वाटणार! दोन दिवस मी स्पीडच कमीजास्त करत बसलो. आप्पा बाजूला खाटेवर बसून बघत होते, म्हणाले, "काय करायलास रे? दांडी लांब झालीय तुझी. मागाची फणी मागं गेली की जरा रेंगाळती, तेवढ्यात धोटा या टोकाचा त्या टोकाला जातो, मग फणी येऊन ठोकती. ते रेंगाळणं आखूड दांडीनं येतं." (फणी म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणारी कंगव्यासारखी पट्टी, आणि धोटा तो धागा घेऊन धावतो.)

क्रँक 2 इंचाचा, दांडी 14 इंचाची होती. ती कापून 5 इंचाची केली, मोटर पुढं सरकवून पुन्हा बोल्ट मारले आणि चालू केली. मागं गेली, तिथं घुटमळली, आणि मग झपकन पुढं आली. बायको खरंच दोन पावलं मागं सरकली. आप्पांनी आयुष्यभर मागावर जे हातानं जुळवलं तेच त्या हडळीत उतरलं, आणि माझ्या मते आमच्या फर्मचं खरं भांडवल त्या दिवशी मला कळलं.

वायपरच्या मोटरीत पार्किंगची वायर असते, काच पुसून झाल्यावर वायपर दर वेळी जागेवर येऊन थांबतो तो तिच्यामुळं. ती जोडली म्हणून हडळ कायम मागं झुकूनच थांबते, माणूस जवळ आला की त्याची हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढतो आणि ती सुटते.

पुण्यात अर्ध्या तासात दांडीचा नट ढिला झाला, भाचीनं व्हिडिओ कॉलवर बघत बघत आवळला. तेव्हापासून हलत्या जॉइंटला नायलॉक नटच, त्यात नायलॉनची कडी असते म्हणून तो सहज ढिला होत नाही.

पुढच्या वर्षी त्याच सोसायटीच्या ओळखीतून तीन ऑर्डरी आल्या, म्हणून मे महिन्यातच कामाला लागलो. तर दुपारी शेडमध्ये सेन्सर माणूस ओळखेचना! तीन सेन्सर बदलले, सगळ्यांचं तेच. रात्री नऊला मात्र सगळे व्यवस्थित. मग डोक्यात प्रकाश पडला, हा सेन्सर अंगाच्या आणि आजूबाजूच्या उष्णतेतला फरक पकडतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी असा फरक राहतोच कुठं. आता सेन्सरची टेस्टिंग रात्रीच.

यंदा पाच हडळी आणि एक सांगाडा चाललाय. दसऱ्याच्या आत सगळा माल पुण्याला रवाना करायचाय कारण नंतर दिवाळीच्या गर्दीत टेम्पो मिळत नाही. दांडीचं माप अजून आप्पाच घेतात, टेपनं नाही, बोटांनी.