अंगकोर वाट, मागच्या दारानं

जुलैमध्ये माझ्या वहीत एकोणीस देवळं होती. नोव्हेंबरात निघायच्या आदल्या रात्री चार उरली. मधल्या चार महिन्यांत मी कंबोडियाबद्दल जेवढं वाचलं तेवढं कॉलेजात परीक्षेसाठीही वाचलं नव्हतं, आणि त्यातलं बहुतेक वाचन खोडण्यात गेलं.

सुरुवात आईनं केली. ती शाळेत इतिहास शिकवायची. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची माणसं कंबोडियातल्या अंगकोर वाट या देवळाच्या डागडुजीसाठी तिकडे होती. त्या सुमारास कुठल्याशा दिवाळी अंकात तिनं तिथल्या समुद्रमंथनाच्या शिल्पपटाचा काळपट फोटो पाहिला होता. अंक केव्हाच रद्दीत गेला, पण फोटो डोक्यात राहिला. आता ती एकाहत्तरची आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात. "मला ती एक भिंत बघायची आहे, बाकी तू ठरव," एवढंच ती म्हणाली. मी मात्र "बाकी" हा शब्द फारच मनावर घेतला.

तिसरा भिडू म्हणजे माझा भाचा, वय वर्षं दहा. त्याला देवळांत रस शून्य. पण अंगकोरला लागून असलेल्या सिएम रीप गावात जमिनीखालचे सुरुंग हुंगून काढणाऱ्या आफ्रिकन उंदरांचं केंद्र आहे हे त्याला कुठून तरी कळलं. त्यातल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० साली शौर्याचं सुवर्णपदक मिळालं होतं. त्यानंतर आमच्या घरात अंगकोर हा शब्द मागे पडला आणि सगळे "उंदरांची ट्रिप" म्हणू लागले.

माझा पहिला बेत बँकॉकहून बसनं जायचा होता. थायलंडमधलं अरण्यप्रथेत, मग सीमा ओलांडून पोइपेत, आणि तिथून सिएम रीप. जुने प्रवासी ही वाट तोंडपाठ सांगतात. पण २०२५च्या जुलैअखेर थायलंड आणि कंबोडियात सीमेवर लढाई पेटली आणि रस्त्यानं जायचा मार्ग बंदच राहिला. त्याच सीमेवरच्या डोंगरकड्यावरचं प्रिआह विहिअरचं शिवमंदिर माझ्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होतं. १९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ते कंबोडियाचं ठरवलं, तरी परिसराचा वाद मिटला नाही. दहा वर्षांचं पोर आणि एकाहत्तरचे गुडघे घेऊन तिकडे फिरकायचा प्रश्नच नव्हता. पहिली काट तिथे बसली.

मग बँकॉकला विमान बदलून जायचं ठरलं. तिथल्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, हे ऐकून आई खूश. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेत विमानतळाला "आकाशयानस्थान" याच शब्दाचं रूप वापरतात, हे सांगितल्यावर तर तिनं फोनवर मावशीला पाच मिनिटं तेवढंच ऐकवलं. नगर या शब्दाचं तिकडे झालं नोकोर आणि त्याचं अंगकोर. महिन्यांची नावंही चैत्र, वैशाख, श्रावण यांचीच भावंडं. मी ही माहिती तिला थोडी थोडी करून देत होते, कारण एकदम दिली की बेत बाजूला राहायचा आणि भाषाशास्त्र सुरू व्हायचं.

इथे एक सूचना. सिएम रीपचा विमानतळ बदललाय. जुना गावाला अगदी खेटून होता. नवा ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झाला आणि तो चाळीस-पन्नास किलोमीटर लांब आहे. जुनी वर्णनं वाचून "पंधरा मिनिटांत हॉटेल" असा हिशोब मी केला होता. हॉटेलवाल्याला गाडीबद्दल विचारलं तेव्हा कुठे घोळ लक्षात आला. रात्रीच्या विमानाचं तिकीट काढता काढता थांबले.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण त्यातही मी आधी भलत्याच संकेतस्थळावर जाऊन पोचले. दिसायला थेट सरकारी, मुद्रा-बिद्रा सगळं. फीचा आकडा जास्त वाटला म्हणून थबकले, नाहीतर तिघांचे पैसे गेलेच होते. सर्च केल्यावर वर येतं ते सरकारी असतंच असं नाही. पत्ता डोळ्यांत तेल घालून वाचावा.

पैशांची गंमत वेगळी. चलन रिएल, पण व्यवहार सर्रास डॉलरमध्ये. चार हजार रिएलला साधारण एक डॉलर धरतात आणि सुट्टे रिएलमध्ये परत देतात. मात्र डॉलरची नोट कोरी हवी. फाटकी, डाग पडलेली, मधोमध चिरलेली कुणी घेत नाही. आमच्या इथल्या पैसे बदलून देणाऱ्यानं गड्डीच्या मध्ये अशा दोन नोटा सरकवल्या होत्या. आईनं भाजीवाल्याकडे भेंडी निवडावी तशी एकेक नोट उजेडात धरून पाहिली आणि त्या दोन्ही परत केल्या.

आता तिकीट, कारण सगळा बेत त्याच्याभोवती फिरतो. अंगकोरचा पास एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२ आणि सात दिवसांना ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी वापरता येतो, म्हणजे मध्ये एक दिवस पाय पसरून बसायची सोय. बारा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण वयासाठी पासपोर्ट जवळ लागतो. फक्त दहा डॉलर जास्त देऊन सात दिवस मिळतात, हे वाचल्यावर माझ्यातली मध्यमवर्गीय जागी झाली. बेंग मिएलिया आणि को केर ही लांबची देवळं, ज्या डोंगरावर ८०२ साली दुसऱ्या जयवर्मनानं स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेतलं तो कुलेन, सगळं परत यादीत आलं.

आईनं यादी वाचली, चष्मा काढला. "सात दिवस देवळंच? अगं, पंढरपूरलासुद्धा आपण दोन दिवसांत परत येतो."

तीन दिवसांचा पास ठरला.

मग खोडाखोडी सुरू झाली. फ्नॉम बाखेंगच्या टेकडीवरून सूर्यास्त: चढ, वर अरुंद पायऱ्या, त्यात रांग. कट. राजधानी नोम पेन्हमध्ये जाणं: कट. याचं मला मनापासून वाईट वाटलं. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३चा एक शिलालेख आहे आणि त्यातल्या आकड्यात शून्याच्या जागी एक टिंब कोरलंय. जगातल्या सगळ्यात जुन्या, काळ नेमका ठाऊक असलेल्या शून्यांपैकी तो एक. आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर असतो तोच हा शक. त्यासाठी पुन्हा जावं लागणार.

बांते स्रेई मात्र मी हट्टानं ठेवलं. ते मुख्य देवळांपासून लांब, पण बांधणी बुटकी, चढउतार जवळजवळ नाही. गुलाबी वालुकाश्म, इ.स. ९६७, म्हणजे शके ८८९. ते राजानं नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूनं बांधलं. त्याच्या एका पेडिमेंटवर, म्हणजे दारावरच्या त्रिकोणी शिल्पपटावर, कैलास हलवणारा रावण आहे. वेरूळला सोळा नंबरच्या लेण्यात आपण जो पाहतो तोच प्रसंग. वेरूळचा रावण खालच्या अंधारात कोंडलाय आणि सगळा डोंगर त्याच्या पाठीवर आहे असं खरंच वाटतं. इथला कैलास पायऱ्यापायऱ्यांचा, वर शंकर, त्याला बिलगलेली पार्वती, मधल्या पायऱ्यांवर घाबरलेले ऋषी आणि प्राणी. सारं हस्तिदंतात कोरल्यासारखं नाजूक. मला वेरूळचाच आवडतो, पण शेजारच्या इमारतीवर खांडववनावर पडणारा इंद्राचा पाऊस आहे, तसा मी कुठेच पाहिलेला नाही. तिरप्या रेघांचा पाऊस, दगडात.

खरा पेच अंगकोर वाटचा होता. हे दुसऱ्या सूर्यवर्मनाचं विष्णुमंदिर, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. नुसता खंदकच १९० मीटर रुंद. नेहमीची वाट पश्चिमेकडून. दगडी पुलावरून खंदक ओलांडायचा, महाद्वारातून आत यायचं, मग साडेतीनशे मीटर उघड्यावरचा दगडी रस्ता, आणि तेवढं चालून गेल्यावर शिल्पपटांची ओवरी. आईची भिंत पूर्वेच्या ओवरीत, म्हणजे बरोबर पलीकडे. नकाशावर दोरा लावून मी अंतर मोजलं. तिथपर्यंत पोचेतो ती नक्कीच "तुम्ही बघून या, मी बसते" म्हणाली असती. ज्या भिंतीसाठी निघालो ती सोडून.

नकाशा उलटासुलटा करताना दिसलं की पूर्वेलाही वाट आहे. तिथे दगडी पूल नाही, मातीचा बांध आहे. पुढे झाडीतून पायवाट, आणि ती थेट पूर्वेच्या ओवरीपाशी निघते. सकाळी सगळी गर्दी पश्चिमेच्या तळ्याकाठी सूर्योदयाचे फोटो काढत उभी असते, तेव्हा या बाजूला सामसूम. शिवाय भिंत पूर्वेची, म्हणजे सकाळचं ऊन तिच्याकडेच येणार.

आईला सांगितलं तर ती थांबली. "देवळात मागच्या दारानं जायचं?"

"आई, ते देऊळ पश्चिमाभिमुख आहे. आपल्याकडे मुख्य दार बहुतेक पूर्वेला असतं. म्हणजे त्यांचं मागचं दार ते आपलं पुढचंच."

हे तिला पटलं. मग तिनेच पुढचा प्रश्न काढला, प्रदक्षिणेचा. तिथले शिल्पपट डावीकडून उजवीकडे, देवळाला डाव्या हाताला ठेवत, म्हणजे अपसव्य वाचायचे असतात. आपल्याकडे हा क्रम पितृकार्यातला. म्हणूनच काही अभ्यासक याला राजाचं समाधिमंदिर मानतात. नकाशावर बोट फिरवलं तर आमची वाट आपोआप सरळ पडत होती. पूर्वेला समुद्रमंथन, तिथून दक्षिणेच्या ओवरीत यमाचा दरबार आणि चित्रगुप्त, मग सूर्यवर्मनाची मिरवणूक, वळून पश्चिमेला कुरुक्षेत्र आणि शरपंजरी भीष्म. देऊळ उजव्या हाताला. अर्धी प्रदक्षिणा, चारेकशे मीटर, बहुतेक सगळी छपराखाली, आणि बाहेर पडायचं पुढच्या दारानं, जिथे टुकटुकवाला वळसा घालून येऊन थांबेल. त्या रात्री मला जो आनंद झाला तो पुढे प्रत्यक्ष देऊळ बघताना झाला त्याच्याहून फार कमी नव्हता.

सगळ्यात वरच्या मजल्याला बाकान म्हणतात. तिथे खड्या पायऱ्या आहेत आणि बारा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. आई चढणार नाही, भाचा चालणार नाही. मी एकटी वर जाऊन काय करू? तेही खोडलं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम आईच्या पंजाबी ड्रेसला लागूच होत नव्हता. भाच्याच्या अर्ध्या चड्ड्या तेवढ्या बॅगेतून बाहेर निघाल्या.

खाण्याचं थोडक्यात सांगते. आई शाकाहारी, आणि तिकडे भाजीतही फिश सॉस किंवा प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा गोळा, पडतो. "अट साच" म्हणजे मांस नको. पण मासा हे मांस नाही अशी समजूत कोकणाप्रमाणे तिथेही असू शकते, म्हणून मी मासे आणि सॉस वेगळे सांगायचं ठरवलं. मेतकूट, दाण्याची चटणी आणि छोटी किटली घेतली. गावात भारतीय हॉटेलं आहेत. मेतकुटाला हात लागला तो एकदाच, पण ते बॅगेत आहे या भरवशावर आई निर्धास्त होती.

आमचा बेत एका जागी फसला. ता प्रोमला आम्ही दुपारी गेलो. हे सातव्या जयवर्मनाचं ११८६ सालचं देऊळ, भिंतींवरून ओघळलेल्या झाडांच्या मुळांसाठी प्रसिद्ध. तिथेही आपल्या पुरातत्त्व विभागानं काम केलंय, आणि आईला फलक वाचायचे होते. पण गर्दी अशी की मुळांपुढे फोटोसाठी रांगा. आई एका पडलेल्या दगडावर बसली. उंदीर आदल्या दिवशी बघून झाल्यामुळे भाच्याकडे वाट पाहण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिथे सकाळीच जायला हवं होतं.

आणि अंगकोर वाटला आम्ही पावणेसातला पूर्वेच्या बांधावर उतरलो. झाडीत पक्षी, एक झाडूवाली बाई, आणखी कुणी नाही. लाकडी पायऱ्या चढून ओवरीत शिरलो आणि डावीकडे वळलो.

मी एक गोष्ट विचारातच घेतली नव्हती. या बाजूनं आलं की मंथन वासुकीच्या शेपटीकडून सुरू होतं. आधी थांबलेलं सैन्य, मग शेपूट धरून उभं एक भलंमोठं वानर. भाचा पहिल्यांदाच जागा झाला. "आजी, मारुती इथे काय करतोय?" जाणकार त्याला हनुमानच म्हणतात. आपल्या कथेत तो मंथनाला नसतो. आई बराच वेळ वानराकडे बघत राहिली, इतिहासाच्या बाईंना चुकीचं उत्तर आवडावं तशी. मग देवांची रांग, प्रत्येकाचा गुडघा एकाच कोनात वाकलेला. मध्ये चतुर्भुज विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरांचा थवा. पलीकडे डोळे वटारलेले असुर. एकोणपन्नास मीटर भिंत, आणि ऊन तिरपं येऊन फक्त पायांवर पडलेलं.

"किती आहेत गं?" आईनं विचारलं. माझ्या वहीत आकडे होते, देव ८८ आणि असुर ९२. मी वही काढायच्या आत तिनं मोजायला सुरुवात केली होती. भाचा असुरांकडे पळाला. चाळिसाच्या पुढे कुठेतरी एक सहल आली, गाइडचा झेंडा मध्ये उभा राहिला आणि आईचा आकडा हरवला. झेंडा पुढे सरकेपर्यंत ती खांबाला टेकून थांबली. मग परत वानरापाशी गेली आणि पहिल्यापासून मोजू लागली.