बाबांचा लॅपटॉप, 100% डिस्क आणि सोसायटीच्या नोटिसा

दिवाळीला सांगलीला घरी गेलो की माझी ओपीडी सुरू होते. आईच्या फोनमधलं 'स्टोरेज फुल', टीव्हीचा रिमोट, काकूंचा प्रिंटर, सगळे पेशंट आधीच रांगेत असतात. या वेळी मोठा पेशंट होता बाबांचा लॅपटॉप. 2017 चा, आय थ्री 6006यू प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क, त्या काळी दुकानात जो सगळ्यांच्या गळ्यात मारायचे तोच. बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत मी घड्याळ लावून बघितलं, साडेअकरा मिनिटं. बाबांना त्याचं काही वाटत नव्हतं, ते बटण दाबून देवपूजा करून यायचे.

बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. मेंटेनन्सचा हिशोब, ऑडिटचे कागद, 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची वार्षिक सभा, तिची नोटीस, मग इतिवृत्त, हे सगळं त्या एका डबड्यात, आणि बॅकअप म्हणजे एक 4 जीबीचा पेनड्राइव्ह जो 2021 नंतर कुणी पाहिलेला नाही. सभा झाली होती म्हणून बरं. गावातल्या एका दुकानात त्यांनी दाखवून आणला होता, तिथल्या पोराने न उघडताच सांगितलं की काका मशीन जुनं झालं, आता विंडोज 10 पण बंद झालंय, नवीनच घ्या.

यातलं विंडोजचं अर्धं खरं होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आमचा सहाव्या पिढीचा, म्हणजे ते दार बंद. पण सपोर्ट संपला म्हणून काही लॅपटॉप स्लो होत नाही, तो तीन वर्षांपासून स्लो होता!

मी आधी टास्क मॅनेजर उघडला, लॅपटॉपचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. सीपीयू म्हणजे प्रोसेसर 14%, रॅम 80 च्या आसपास, आणि डिस्क 100%. नुसती लाल. आणि गंमत म्हणजे डिस्कचा स्पीड किती तर सेकंदाला दीड एमबी. म्हणजे शंभर टक्के राबतेय आणि काम काडीचं नाही, असं कसं? तर ही हार्ड डिस्क म्हणजे आत खरीखुरी तबकडी फिरत असते, मिनिटाला 5400 वेळा, आणि एक बारीक दांडी तिच्यावर पुढेमागे हलत हवी ती जागा शोधते. एका फेरीला साधारण 11 मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो डेटा दांडीखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसतं थांबायचं, वर दांडी हलवायचा वेळ वेगळा. मोठी सलग फाइल असेल तर फरक पडत नाही पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या बारक्या फाइल्स इकडून तिकडून मागतं, तेव्हा सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा शोधाशोध होते आणि बाकी सगळे रांगेत. रेशनच्या दुकानात एकच माणूस वजन करतोय आणि बाहेर अख्खी गल्ली, तसं. एसएसडी म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, तीत फिरणारं काहीच नाही, चिपमध्ये डेटा, त्यामुळे हाच शोध सेकंदाला हजारो वेळा होतो. म्हणून म्हणतो, जुना लॅपटॉप फेकायच्या आधी एकदा ही डिस्कची लाइन बघा. ती लाल आणि सीपीयू निवांत असेल तर तुमचा रोग तिथे आहे.

मग डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टल डिस्क इन्फो टाकलं, फुकट आहे, आणि पोटात गोळा आला. पिवळं, 'कॉशन'. सी5 नावाच्या ओळीत पेंडिंग सेक्टर दिसत होते, म्हणजे डिस्कवरच्या काही जागा तिला स्वतःलाच वाचता येत नाहीयेत. आता स्पीड राहू दे बाजूला, आधी डेटा. बाबांना म्हणलं, आजपासून यावर काही टाइप करू नका. ते म्हणाले, अरे पण वॉचमनच्या बोनसची यादी करायचीय. म्हणलं वहीवर करा.

कॉपी करायला लावलं तर 2019 च्या फोटोंवर येऊन हिरवी पट्टी जी थांबली ती थांबलीच. नेहमीचं कॉपी पेस्ट अशा डिस्कवर कामाचं नाही, एका खराब फाइलपायी सगळंच अडकतं, आणि कट पेस्ट तर चुकूनही करू नका. मी रोबोकॉपी वापरलं, विंडोजमध्येच असतं, काळ्या खिडकीत कमांड द्यायची. पण त्यात एक मेख आहे. फाइल वाचता आली नाही तर ते मुळात 10 लाख वेळा प्रयत्न करतं, आणि दर वेळी मध्ये 30 सेकंद थांबतं! हिशोब करा, एका फोटोपायी जवळजवळ साडेअकरा महिने. म्हणून कमांडच्या शेवटी स्लॅश आर कोलन 1, स्लॅश डब्ल्यू कोलन 1 लावायचं, म्हणजे एकदाच परत बघायचं, एकच सेकंद थांबायचं आणि पुढे जायचं. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी फराळाला बसलो तेव्हा संपलं होतं. 38 जीबीतले सतरा फोटो गेले, सगळे कुणाच्या तरी मुंजीतले, आईने यादी बघून सांगितलं की जाऊ देत.

एसएसडी मिळाली तीन हजाराच्या थोडी वर, 500 जीबीची, अडीच इंची सॅटा. रॅम घेतली नाही कारण भाव नेमके तेव्हाच चढायला लागले होते, माझ्या जुन्या लॅपटॉपमधली 4 जीबीची डीडीआर4 स्टिक पुण्याहून येताना बॅगेत टाकली होती, तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये बसली.

उघडताना एकच सांगतो, स्क्रू सगळे सारखे नसतात. मी बाबांकडून जुन्या रजिस्टरचा एक पाठकोरा कागद घेतला, त्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवला. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आतून कीबोर्डला टोचतो, हे मी कॉलेजात एकाच्या लॅपटॉपवर शिकलोय (तो अजून बोलत नाही नीट). आणि कव्हर निघालं की पहिलं बॅटरीचं कनेक्टर काढायचं, मग बाकी सगळं. बाबा शेजारी टॉर्च धरून उभे होते आणि आतली धूळ बघून म्हणाले, आपल्या माळ्यावर पण एवढी नाही.

पेनड्राइव्हवर विंडोज 10 घेऊन गेलो होतो, 8 जीबीचा पुरतो. इन्स्टॉल करताना बाबांनी काळजीने विचारलं, ती विंडोजची लायसन्स की कुठं आहे, मागचं स्टिकर तर पुसलंय. पण विंडोज सोबत आलेल्या या काळातल्या लॅपटॉपांची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, इन्स्टॉलर ती आपली आपण वाचतो, विचारतसुद्धा नाही. फक्त आवृत्ती तीच पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर 'होम सिंगल लँग्वेज' येतं, त्यावर कुणी हौसेने प्रो टाकलं की ती की चालत नाही. इन्स्टॉल झाल्यावर वायफायच दिसेना, ते चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे. अशा वेळी फोन केबलने जोडायचा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, नेट आलं की बाकीचं विंडोज अपडेट बघून घेतं.

मग बाबांनी डिस्कची साइज बघितली. 465 जीबी. "पाचशेचे पैसे दिलेस ना?" आता हिशोबाच्या माणसाला काय सांगणार, की कंपनी 1000 ने मोजते आणि विंडोज 1024 ने. त्यांना पटलं, पण दूधवाल्याचं माप आठवल्यासारखा चेहरा होता.

लॅपटॉप आता वीस-बावीस सेकंदात चालू व्हायला लागला, मी कॉलर ताठ करून बसलो, आणि बाबांनी पहिली फाइल उघडली ती यंदाच्या सभेची नोटीस. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, उलटे स्वल्पविराम. दुसरी उघडली, तेच. आठ वर्षांच्या नोटिसा, इतिवृत्तं, महापालिकेला लिहिलेली पत्रं, सगळ्याचा असा रांगोळी विस्कटल्यासारखा अवतार. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला फक्त.

फाइल्स खराब झाल्या नव्हत्या, चूक माझी होती. बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क होते, मराठी टायपिंगची 30 आणि 40 ची परीक्षा पास, टाइपरायटरवर. त्यांच्या लॅपटॉपवर आधीच्या सेक्रेटरींनी दिलेला एक जुना डीटीपीवाला फॉन्ट होता. हे फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसावी अशी जी सामाईक पद्धत आहे त्यातले नाहीत. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवतो, आणि मुखवटे टाइपरायटरच्या बटणांप्रमाणे लावलेले, म्हणून बाबांची बोटं त्यावर धावायची. मी डेस्कटॉप घेतला, डॉक्युमेंट्स घेतलं, पण विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्ट्सचं फोल्डर कोण आठवतंय! नशीब की जुनी डिस्क मी पुसली नव्हती. यूएसबी केसमध्ये घालून जोडली, ती जराशी टकटक करत जागी झाली, आतून फॉन्टच्या दोन टीटीएफ फाइल्स उचलल्या, डबल क्लिक, इन्स्टॉल. नोटीस परत मराठीत आली. तुमच्या घरी कुणी जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर फॉरमॅट मारायच्या आधी ते फोल्डर उचला, एवढं ऐका.

मग मी जरा शहाणपणा करायला गेलो. म्हणलं बाबा, आता युनिकोड शिका, व्हॉट्सॲपवर पण तेच चालेल, नोटिशीचा फोटो काढून टाकायला नको. विंडोजमध्ये मराठीचे दोन कीबोर्ड येतात, एक इनस्क्रिप्ट आणि एक फोनेटिक. फोनेटिकला त्यांनी एका मिनिटात हाकललं, "मराठी लिहायला इंग्रजीतून कशाला जायचं". इनस्क्रिप्ट मात्र आवडला, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, याला काहीतरी डोकं आहे म्हणाले. पण चाळीस वर्षांची बोटं, क टाइप करायला गेले की भलतंच काही उमटायचं. पहिल्याच वाक्यात 'येणाऱ्या रविवारी' मध्ये अडकले, 'येणार्या' असं होत होतं. त्यासाठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. शिफ्ट जे म्हणजे नुक्तावाला ऱ, डी म्हणजे हलन्त. हे मी कागदावर लिहून स्क्रीनखाली चिकटवलंय. सध्या तह असा झालाय की प्रिंट काढायची नोटीस जुन्या फॉन्टमध्ये आणि ग्रुपवर टाकायची दोन ओळींची सूचना इनस्क्रिप्टमध्ये.

विंडोजचं पण तात्पुरतंच केलंय. विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून दाखवलं होतं, बाबांना दिसायला आवडलं पण "माझं एक्सेल कुठंय" वर गाडी अडली. मग मायक्रोसॉफ्टची जी एक वर्षाची वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची सोय आहे, ईएसयू, त्यात नाव घातलं. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरूनच होतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत. 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालेल. तोवर पुढची दिवाळी जवळ आलेलीच असेल.

जुन्या डिस्कवरून मात्र आमचं वाजलं. मी म्हणलं फेकून देऊ, सी5 चा आकडा फॉन्ट काढेपर्यंतच वाढला होता. बाबा ऐकेनात, त्यात सोसायटीचं दप्तर आहे आणि दप्तर असं कमिटीच्या ठरावाशिवाय नष्ट करता येत नाही. शेवटी त्यांनी तिच्यावर कागद चिकटवला, त्यावर सुवाच्य अक्षरात 'नादुरुस्त, वापरू नये' लिहिलं, खाली तारीख आणि सही, आणि ती सोसायटीच्या कपाटात 2017-18 च्या व्हाउचरांवर ठेवून कुलूप लावलं.