शिकारी प्राण्यांचे छायाचित्रण

मांसाहारी प्राण्यांचे छायाचित्रण म्हणजे बव्हंशी त्यांच्या भक्ष्याचे निरीक्षण असते, असे माझे ठाम मत आहे. वाघ किंवा बिबट्या सहसा आधी दिसत नाही. हरणांचा इशारा, वानरांचा झाडावरून येणारा खेकसण्याचा आवाज, एकाच दिशेला रोखलेले कान यांवरूनच त्याचा माग लागतो, आणि हे संकेत ज्याला वाचता येत नाहीत त्याला महागडी लेन्सही फारशी उपयोगी पडत नाही.

खरी अडचण प्रकाशाची. मार्जारकुळातील बहुतेक मोठे प्राणी पहाटे, संध्याकाळी आणि रात्री अधिक हालचाल करतात (दिवसा शिकार करणारा चित्ता हा ठळक अपवाद), म्हणजे नेमका उजेड कमी असतानाच धावत्या प्राण्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका शटरचा वेग हवा असतो. अशा वेळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) निःसंकोच वाढवावा. छायाचित्रातील दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, धूसर आलेला डोळा मात्र सुधारत नाही. भारतातील ब्रिटिश वनाधिकारी आणि वन्यजीव छायाचित्रकार फ्रेडरिक चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात वाघाच्याच पायाने तार ओढली जाऊन फ्लॅश उडेल अशी रचना केली होती; आजचे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे, बहुधा शरीराची उष्णता आणि हालचाल ओळखतात.

आमिष ठेवून किंवा ध्वनिमुद्रित हाका वाजवून प्राण्याला समोर आणणे मला मान्य नाही. दबा धरलेल्या चित्त्याभोवती गाड्या जमल्या की भक्ष्य सावध होते आणि शिकार हुकते. सोबत पिल्ले असतील तर अंतर आणखी वाढवावे, चित्रात प्राणी लहान दिसला तरी चालेल.