तुम्ही विचारलंत म्हणून: विवेरियममध्ये ऑर्किडच का कुजतं?

विवेरियम म्हणजे झाडं, कधी बेडूकही ठेवायची दमट काचपेटी. तिच्याबद्दल प्रश्न साधारण असा येतो: "विवेरियममधला फर्न जोमात आहे, मॉस हिरवंगार आहे, मापकावर आर्द्रता ९० टक्के आहे. मग ऑर्किडच तेवढं दोन-तीन महिन्यांत काळं का पडतं?"

बहुतेक वेळा त्या ९० टक्क्यांपायीच. आकडा तसा वाईट नाही, पण तो टिकवायच्या नादात झाकणाच्या फटी बुजवल्या जातात आणि आतली हवा हलायची थांबते. बंद काचेत झाडं तगतात, हे लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या लक्षात आलं ते १८२९ च्या सुमारास. त्यांच्या बाटलीत उगवलं होतं फर्न आणि गवत. ऑर्किड नव्हतं.

विवेरियममध्ये लावतात ती छोटी ऑर्किडं बहुतेक झाडांच्या सालीवर वाढणारी. त्यांच्या मुळाभोवती मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. फवारा मारलात की ते पाणी शोषतं आणि बघता बघता आतला हिरवा रंग वर येतो. हा बदल एकदा डोळे लावून बघाच, कारण पाण्याचं सगळं वेळापत्रक त्यावर बसवायचं आहे. फवारणीनंतर दोन ते चार तासांत मूळ पुन्हा चंदेरी व्हायला हवं. सकाळचा फवारा आणि संध्याकाळीही मूळ हिरवंच, तर हवा कमी पडतेय. अर्ध्या तासात पांढरं झालं तर पंखा जोरात आहे, किंवा मुळाखाली मॉसची गादी हवी. स्वस्तातल्या आर्द्रतामापकावर माझा भरवसा नाही. ९० च्या पुढे ते मनाला येईल ते दाखवतात.

एक अपवाद ध्यानात ठेवा. लेपँथेस आणि मॅस्डेव्हॅलिया या ऑर्किडांची मुळं बारीक असतात, त्यांना पूर्ण कोरडं पडणं सोसत नाही. त्यांच्या मुळांना कायम दमट मॉस हवं, आणि पानांवरून हवा मात्र खेळती.

पंख्याला फार खर्च नाही. ४५ × ४५ × ६० सेंटिमीटरच्या पेटीला संगणकातला १२ व्होल्टचा, ४० ते ६० मिलिमीटरचा एक पंखा पुरतो. व्होल्ट बदलता येणारा अ‍ॅडॉप्टर घ्या आणि तो ६-७ व्होल्टवर चालवा. काही पंखे इतक्या कमी दाबावर सुरूच होत नाहीत, ते आधी बाहेर तपासा. झोत थेट रोपावर नको. पुढच्या काचेवरून खाली उतरू द्या, म्हणजे हवा पेटीभर फिरते. पानाची कड जेमतेम हलावी, एवढंच. आत बेडूक असतील तर पंख्याच्या दोन्ही बाजूंना बारीक जाळी हवीच. दमटपणात पंखे लवकर मरतात, एक जादाचा आणून ठेवा.

रात्री पंखा बंद करू नका. दिवा गेला की पेटी थंड होते, तेवढ्याच वाफेत आर्द्रता १०० टक्क्यांवर जाते आणि पानांवर दव धरतं. नव्या पानाच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचलं की तिथे काचेसारखा पारदर्शक, तपकिरी डाग येतो. तो जिवाणूंचा, एक-दोन दिवसांत अख्खा शेंडा मऊ पडू शकतो. म्हणून दिवा १२ तासांचा धरला तर शेवटची फवारणी तो बंद व्हायच्या किमान चार तास आधी उरका.

आता बांधणी. कॉर्कच्या सालीवर लांब धाग्याच्या स्फॅग्नम मॉसचा पातळ थर ठेवा; भिजवून घट्ट पिळल्यावर आगपेटीएवढा तुकडा भरपूर होतो. मुळं त्यावर पसरा, पण रोपाचा बुंधा मॉसच्या वर उघडा राहिला पाहिजे. इथेच निम्मे लोक चुकतात: रोप डगमगतं म्हणून बुंध्याभोवती मॉस कोंबतात. डगमग थांबवायची ती दोऱ्याने. मासेमारीचा नायलॉन दोरा तीन-चार वेढे घेऊन बांधा. तांब्याची तार वापरू नका, तांबं ऑर्किडला बाधतं. कॉर्कचा तुकडा उभा किंवा किंचित पुढे झुकलेला लावा, म्हणजे पाणी बेचक्यातून निथळून जाईल.

पाणी आरओचं किंवा पावसाचं, टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) ५० च्या आत. नळाच्या जड पाण्याने फवाऱ्याची तोंडं बुजतात आणि मुळांची टोकं करपतात. खत बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या पाव, दोन आठवड्यांतून एकदा, ब्रशने फक्त मुळांवर. पेटीत क्षार वाहून जायला जागा नसते. ते तळाच्या गोट्यांखालच्या पाण्यात साठतात, म्हणून ते पाणी अधूनमधून नळीने ओढून काढा.

निवडीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. फुलवाल्याकडची मोठी फॅलेनॉप्सिस पेटीत घालू नका; तिची पानं पाणी धरतात आणि फुलाचा दांडा काचेला टेकतो. रेस्ट्रेपिया, हाराएला, डिनेमा पॉलिबल्बॉन, मेडिओकॅल्कर, छोटी बल्बोफिलम यांनी सुरुवात करा. मॅस्डेव्हॅलिया आणि ड्रॅक्युला रात्री थंड खोली असेल तरच. लुडिसिया आणि माकोडेस ही पानांसाठी लावायची, जमिनीवर वाढणारी ऑर्किडं. ती खाली, सैल मिश्रणात. आणि रोपवाटिकेत वाढवलेलंच रोप मागा. ऑर्किडचं अख्खं कुळ साइट्स या, वन्य झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात येतं, आणि जंगलातून ओरबाडलेल्या रोपाची मुळं बहुधा तुटलेलीच असतात.

मुळांची टोकं कुरतडलेली दिसली तर रात्री बॅटरी घेऊन बघा. तांदळाच्या दाण्याहून लहान गोगलगाई असतील. काकडीची चकती ठेवा, दोन तासांनी गोगलगाईंसकट उचला, असं आठवडाभर. त्या बहुतेक रोपासोबतच्या जुन्या मॉसमधून येतात; ते मॉस आत जाण्याआधीच फेकायचं. उड्या मारणारे पांढरे, बारीक किडे म्हणजे स्प्रिंगटेल दिसले तर राहू द्या, ते बुरशी खातात.

नवं रोप पहिल्या महिन्यात एखाद-दुसरं पान टाकतं. घाबरून पाणी वाढवू नका, रोज जागाही बदलू नका. बुंध्यापाशी हिरव्या टोकाचं नवं मूळ निघतं का, एवढंच बघत राहा. ते सालीला चिकटून दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकलं आणि बोटाने हलकेच ढकलल्यावर रोप हललं नाही, की दोरा कापा.